मला बाहेर बसवलं त्याबद्दल

मंगळवार, ४ मार्च

आज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मला डायलिसिसच्या खोलीतून बाहेर काढण्यात आलं. वेळ भिंतीवरच्या आणि मनगटावरच्या, दोन्ही घड्याळांत पाहून लिहितेय. उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीचा गोंधळ झाला.

काढणारी व्यक्ती त्या विभागाची इनचार्ज नर्स, वय माझ्या निम्मं. शब्द असे: "मावशी, आजपासून तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा हं. आत गर्दी होते." 'हं'सकट लिहितेय. हे 'हं' लहान मुलांना औषध पाजताना वापरतात. आणि मी तिची मावशी केव्हापासून झाले?

गर्दी कसली? चार खुर्च्या, चार यंत्रं, चार पेशंट. दाराजवळच्या खुर्चीत एक दुकानदार, तो तोंडावर रुमाल टाकून झोपतो. मग एक शिंपीणबाई. मग एक रिटायर्ड बस कंडक्टर. आणि खिडकीशी माझा धाकटा भाऊ. त्याच्या शेजारी स्टुलावर मी. स्टूलसुद्धा मी घरून नेलेलं, हॉस्पिटलचं नाही.

भावजय गेल्यापासून भाऊ माझ्याकडे राहतो. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार चार-चार तास यंत्राला जोडून घेऊन रक्त धुवायचं, नाहीतर सगळं संपलं. मधलं काही नाही. सुरुवातीला त्याला दुपारची बॅच मिळाली होती, तेव्हा रोज म्हणायचा, "ताई, पुरे झालं, मला नाही जायचं." सकाळच्या बॅचला आल्यापासून ती कुरकुर बंद झाली. दुपारी माझे डोळे जड व्हायचे, सकाळी मी पूर्ण वेळ त्याच्याशी बोलते, त्याचा हा परिणाम. दुसरं काय कारण असणार?

या बॅचची एक पद्धत आहे. सुया टोचलेला हात अजिबात हलवायचा नाही. हलला की नळीतला दाब बदलतो आणि यंत्र कोकलायला लागतं. हसताना हात हलतोच. म्हणून यांनी नियम केलाय की ज्याचं यंत्र वाजेल त्याने पुढचा विनोद सांगायचा. यंत्र वाजलं की कंडक्टर ओरडतो, "बेल कोणी मारली? चला, तिकीट काढा!" तिकीट म्हणजे विनोद. टेक्निशियन येऊन बटण दाबतो, नळ्या तपासतो आणि तो विनोद ऐकायला उभा राहतो. त्याला पगार याचाच मिळतो बहुतेक.

माझ्या भावाचं यंत्र कधी वाजत नाही. मी शेजारी असते तेव्हा तर एकदाही नाही. शिस्त आहे त्याला. आमच्या घरात ती होतीच.

आज नवा टेक्निशियन आला होता. मी भावाची ओळख करून दिली. म्हटलं, "हे पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते. जन्मभर अख्ख्या शहराच्या पाइपलाइनचे नकाशे काढले. सगळ्यांना पाणी पाजलं आणि आता डॉक्टरांनी यांचाच नळ बंद केलाय. दिवसाला दोन पेले!"

हे वाक्य मी पूर्वीही बोललेय, पण आज फार नेमकं बसलं. नवा टेक्निशियन बूट बघत हसला. शिंपीणबाई खिडकीबाहेर पाहायला लागली. कंडक्टर म्हणाला, "ताई, तुमच्या जिभेला लायसन लागतं." अशी दाद रोज मिळत नाही. भावाने डोळे मिटून घेतले होते, सुई दुखत असणार.

त्यानंतर तो इनचार्जला म्हणाला, जरा पडदा ओढा. पडद्यामागे तिने त्याचं ब्लडप्रेशर घेतलं. आणि बाहेर येऊन मला 'हं' म्हणाली.

शिंपीणबाईची सून पाण्याची बाटली घेऊन आत-बाहेर करत होती. तिची गर्दी होत नाही वाटतं.

बुधवार, ५ मार्च

वैद्यकीय अधीक्षकांना तक्रार लिहिली. दोन पानं झाली, एक ठेवलं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की रागाच्या पत्रात विशेषणं घालायची नाहीत, त्याने माणूस हलका दिसतो. 'उद्धट' काढलं. 'अर्धशिक्षित' ठेवलं, ते विशेषण असलं तरी माहितीही आहे.

भावाला वाचून दाखवलं. तो तांदूळ निवडत होता. म्हणाला, "जाऊ दे ना ताई. बाहेर पंखा आहे, तुला बरं पडेल."

"प्रश्न पंख्याचा नाही. तुझ्याजवळ कोणी नको?"

"आत सगळे असतात."

"ते परके."

त्याने एक खडा काढून बशीत टाकला. मी म्हटलं, "निवडतोस तर नीट निवड. तुझ्या हातचे खडे खाऊन माझेही अवयव निकामी व्हायचे." या घरात बोलणारी मी एकटी. भावजय होती तेव्हा ती सारखी हसायची, कशावरही, दूध उतू गेलं तरी. मला ते बावळटपणाचं वाटे. तो मात्र तेव्हा बरंच बोलत असे.

गुरुवार, ६ मार्च

बाकावर बसले. प्लास्टिकचं, मधे तडा गेलेलं बाकडं. दारात छातीच्या उंचीवर काचेची पट्टी आहे, तिच्यातून उभं राहिलं तर भावाची खुर्ची पाठमोरी दिसते.

मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, शेवटची बारा वर्षं सुपरवायझर म्हणून. आवाजावरून माणूस ओळखते. आतून कंडक्टरचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग यंत्र वाजलं. मग दुसरं. मी उभी राहून पाहिलं तर भावाचे खांदे जोरजोरात हलत होते, मान खाली गेली होती आणि मोकळ्या हाताने त्याने तोंड दाबलं होतं. कोकलत होतं ते त्याचंच यंत्र.

मी दार ढकललं आणि ओरडले, "अहो, बघताय काय! त्याला झटका आलाय!"

भावाने मान वर केली. चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी.

तो हसत होता.

इनचार्ज म्हणाली, "मावशी, काही झालेलं नाही, ते हसताहेत." जणू मला हसणं आणि झटका यांतला फरक कळत नाही. पाठीमागून कोणालाही तसंच वाटलं असतं. मी विचारलं, "कशावर?" यंत्र तेवढं कोकलत राहिलं. भावाने रुमालाने डोळे पुसले, चेहरा सरळ केला आणि म्हणाला, "काही नाही ताई. तू बस बाहेर."

हसताना त्याचा वरचा एक दात थोडा पुढे येतो. वडिलांचा यायचा तसा. हे माझ्या लक्षातच नव्हतं.

शनिवार, ८ मार्च

परत येताना टॅक्सीत विचारलं, परवा एवढं काय झालं होतं? आधी टाळत होता. मी सोडणारी नव्हे. मग सांगितलं.

"कंडक्टर सांगत होता. एकदा त्याने डबल बेल दिली, गाडी हलेना. पुन्हा दिली. हलेना. मग तो मागून ओरडला, अहो, झोपलात का? तर त्याच्या शेजारच्या सीटवरून आवाज आला, नाही हो, जागाच आहे. ड्रायव्हर त्याच्याच शेजारी बसून बिस्किट खात होता."

मी थांबले. "मग?"

"मग काही नाही. एवढंच."

"आणि ड्रायव्हरवर कारवाई?"

टॅक्सीवाला पुढे खोकल्यासारखं करायला लागला. भाऊ खिडकीबाहेर पाहत राहिला. म्हणाला, "त्याने सांगितलं की हसू येतं, ताई."

यात विनोद कुठे आहे? ड्रायव्हर जागेवर नाही, ही सेवेतली गंभीर चूक आहे. माझ्या एक्स्चेंजमध्ये बोर्ड सोडून कोणी बिस्किट खाल्लं असतं तर त्याच दिवशी मेमो गेला असता. विनोदात काही टोक असावं, कोणाला तरी लागावं. नाहीतर नुसतं दात काढणं झालं.

सोमवार, १० मार्च

तक्रारीबद्दल विचारायला हॉस्पिटलच्या ऑफिसात गेले. तिथे रांगेत एक जुनी ऑपरेटर भेटली. माझ्याच शिफ्टमध्ये होती, आता केस पांढरे. गोड वाटलं. म्हटलं, "आपण किती हसायचो गं बोर्डवर! मी काही बोलले की सगळी रांग हसायची, आठवतं?"

"न आठवायला काय झालं मॅडम? हसायचोच. ड्यूटीचा तक्ता तुमच्या हातात होता, न हसून नाइट लावून घ्यायची कोणाला हौस!"

आणि खोखो हसली. मीही हसले. तेव्हापासून ती अशीच फटकळ. मी म्हटलं, "तुझा आवाज मात्र अजून फुटक्या घंटेसारखा आहे." त्यावर ती हसली नाही, तिचा नंबर आला होता बहुतेक.

ऑफिसातला क्लार्क म्हणतो की नातेवाइकांना बाहेर बसवायचा असा कुठलाही नियम नाही. कधीच नव्हता. विभागात विचारा. मी त्याला हे लिहून द्यायला सांगितलं, तर तो चहाला गेला.

मंगळवार, ११ मार्च

इनचार्जला गाठलं. म्हटलं, "नियम नाही, हे मला तुमच्याच ऑफिसने सांगितलंय. मग कोणाच्या हुकमाने मी बाहेर आहे?"

तिने आधी आजूबाजूला पाहिलं. "मावशी, एका पेशंटने विनंती केली. आम्हाला पेशंटचं ऐकावं लागतं."

"कोणत्या?"

"ते नाही सांगता येणार. प्लीज."

बाकावर बसून विचार केला. दुकानदार झोपलेला असतो. कंडक्टर माझा चाहता, लायसनचं तोच म्हणाला. उरली शिंपीणबाई. मागच्या महिन्यात ती सांगत होती की पूर्वी ती दिवसात चार ब्लाउज शिवायची, आता हात थरथरतो. मी म्हटलं होतं, "बरं झालं, गिऱ्हाइकं तरी वाचली." लागलं असेल. माणसाला स्वतःवर हसता येऊ नये म्हणजे कमाल आहे.

जाताना गेटपाशी मी तिला ऐकवलं. "तक्रार करायची तर तोंडावर करावी. पडद्यामागून टाके घालू नयेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. सुनेच्या हातावर भार टाकून उभी होती, आज यंत्राने तिच्या अंगातलं बरंच पाणी काढलं होतं, चेहरा कागदासारखा. म्हणाली, "मीच केली म्हणा, ताई. चालेल मला." आणि मागे, टॅक्सीत बसणाऱ्या माझ्या भावाकडे तिची नजर गेली.

कबूल केलं! टॅक्सीत मी भावाला म्हटलं, बघ, शेवटी शोधून काढलंच की नाही मी? तर म्हणाला, "तिला उगाच बोललीस." आता तो तिची बाजू घेणार.

शनिवार, १५ मार्च

कंडक्टर आला नाही.

साडेसात झाले, आठ झाले. मी बाकावरून उठून जिन्यापर्यंत जाऊन आले. त्याची बायको नेहमी त्याला लिफ्टपाशी सोडून भाजीला जायची. ती साडेआठला एकटीच आली, चपला हातात घेतल्यासारखी हळू चालत. तिने इनचार्जला काहीतरी सांगितलं आणि त्याची पिशवी मागितली. गुरुवारी विसरला होता. पिशवीत एक शाल, चष्म्याचं घर आणि रेवड्यांसारख्या गोळ्यांची पुडी. घशाला कोरड पडली की चघळायचा.

काल पहाटे घरीच गेला. झोपेत.

मी तिच्यासाठी बाकावर जागा केली. ती म्हणाली, "घरी एक शब्द बोलायचे नाहीत हो. सगळं इथेच बोलून घ्यायचे. मी म्हणायची, मलाही सांगा ना एखादा. तर म्हणायचे, तुला पाहून रडूच येतं, हसवू कुठून." तिने हे सांगितलं आणि हसली. मग तोंडावर पदर घेतला.

आतून चार तासांत एकही यंत्र वाजलं नाही. मी कान देऊन बसले होते. एवढा सलग शांतपणा त्या खोलीत मी पहिल्यांदाच ऐकला. एक्स्चेंजमध्ये केबल तुटली की असं व्हायचं, सगळे दिवे विझलेले आणि मुली हेडफोन लावून नुसत्या बसलेल्या.

घरी भाऊ जेवला नाही. मी म्हटलं, त्याचं वय झालं होतं. म्हणाला, "माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होता."

मंगळवार, १८ मार्च

कंडक्टरच्या खुर्चीत नवा पेशंट. टाय लावून आला होता. फोनवर सगळ्यांना सांगत होता की हे तात्पुरतं आहे. त्याचं यंत्र दोनदा वाजलं, हात हलवत होता बोलताना. बेल कोणी मारली असं कोणी विचारलं नाही. टेक्निशियनने बटण दाबलं आणि निघून गेला.

मला वाटलं, आता माझी गरज आहे. दार उघडून आत गेले, म्हटलं, "काय हो, स्मशानात बसल्यासारखे काय बसलाय? एकाचा स्टॉप आला, तो उतरला. बाकीच्यांनी तोंड पाडून तिकिटाचे पैसे परत मिळणार आहेत का?"

वाक्य चांगलं होतं. मी कालपासून मनात जुळवलं होतं. पण शिंपीणबाई रडायला लागली. नवा पेशंट फोन खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. आणि भावाने, ज्याने जन्मात माझ्यासमोर आवाज चढवला नाही, डोळे न उघडता म्हटलं, "ताई, बाहेर जा."

इनचार्जने दार लावलं. या वेळी 'हं' म्हणाली नाही.

परतताना टॅक्सीत तो म्हणाला, "गुरुवारी गाडी सांगू नकोस."

"का?"

"मी जाणार नाही."

"परवा जाणार नाहीस की..."

"जाणार नाही."

गुरुवार, २० मार्च

गेला नाही.

टॅक्सी मी सांगितली होतीच. खाली येऊन हॉर्न देऊन गेली. मी सगळे प्रकार केले. चिडले. डॉक्टरांना फोन लावून त्याच्या कानाला लावला, त्याने "बरं" म्हणून बंद केला. मी म्हटलं, वडिलांना तोंड काय दाखवणार? म्हणाला, लवकरच कळेल. हा त्याचा विनोद होता की काय, मला कळलं नाही. मला हसू आलं नाही.

दुपारी शिंपीणबाईचा फोन. नंबर तिला कोणी दिला कोण जाणे. त्याने फोन खोलीत नेला आणि दार लावून घेतलं. आयुष्यभर लोकांची बोलणी कानावर पडायची माझी नोकरी होती, तरी ड्यूटीबाहेर मी कोणाचं ऐकलं नाही. आज दाराशी उभी राहिले. शब्द काही कळले नाहीत. हसण्याचा आवाज येतो का तेवढं ऐकत होते. आला नाही.

संध्याकाळी पाहिलं तर घोटे सुजले होते. मोज्याच्या रबराची खोल खूण. आडवा झाला की धाप लागते, म्हणून खुर्चीत बसून डोळे मिटतो. मी उशी दिली. त्याने घेतली.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी एकटी हॉस्पिटलला गेले. इनचार्जला म्हटलं, तक्रार मागे घेते. ती शिंपीणबाई माझ्यामुळे नाराज असेल तर तिची माफी मागते. मी गेटच्या बाहेर उभी राहीन. पण याला परत आणायचा काहीतरी मार्ग सांगा, मंगळवारपासून तो कोरडा आहे, नव्हे, पाण्याने भरलेला आहे, तुम्हाला कळतंय ना?

तिने मला तिच्या टेबलाशी बसवलं. पाणी दिलं. मग म्हणाली, "शिंपीणबाईंनी काही सांगितलं नव्हतं, मावशी."

"मग?"

"पडद्यामागे तुमच्या भावानेच सांगितलं. म्हणाले, ताईला बाहेर बसवा, पण माझं नाव सांगू नका, तिला वाईट वाटेल. म्हणाले, मला इथे चार तास मोकळं हसायचं असतं. ती असली की मी हसत नाही."

मी म्हटलं, हे खोटं आहे. मी म्हटलं, तुम्ही स्वतःची कातडी वाचवताय. ती उठली. माझा पेला उचलून घेऊन गेली.

घरी पायी आले. रस्त्यात एका दुकानाच्या पायरीवर दोघी सेल्सगर्ल एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून हसत होत्या, एकीला उचकी लागली होती. मी थांबून विचारलं, काय झालं? त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसू थांबवलं. "काही नाही आजी." मी पुढे गेले. कोपऱ्यावरून वळून पाहिलं, तर पुन्हा सुरू.

भाऊ खिडकीशी बसलाय. पाय स्टुलावर. माझं हॉस्पिटलातलं स्टूल मी परत आणलंय, त्याचा हा उपयोग. मी जिना चढून आले तेव्हा त्याने विचारलं, "कुठे गेली होतीस?" मी म्हटलं, "बँकेत." त्याने मान हलवली. त्याला कळलंय की मला कळलंय, असं वाटतं. पण तो बोलणार नाही आणि मी बोलले तर काय बोलेन याची मला खात्री नाही. तोंडाशी आलंही होतं एक वाक्य, त्याच्या सुजलेल्या पायांवरून. चांगलं होतं. गिळलं.

म्हणून त्याला पत्र लिहिलं. आत्ता त्याच्या दाराखालून सरकवून आले. प्रत इथे ठेवते:

"चि. भावास,

तू माझ्याविरुद्ध तक्रार केलीस. तीही परक्या बाईकडे, पडद्यामागे, नाव लपवून. ही वागण्याची पद्धत नव्हे. इतकी वर्षं एका छपराखाली राहून तुला मला एक वाक्य सांगता आलं नाही, याचा मी तीव्र निषेध करते.

शिंपीणबाईला मी नाही नाही ते बोलले, तेही तुझ्या गप्प राहण्यामुळे. तिला मी फोन केला होता. तिने मला फार बोलू दिलं नाही. उद्या पावणेसातला ती गेटपाशी थांबणार आहे. तुला सांगायला सांगितलंय की दुकानदारसुद्धा मंगळवारपासून झोपत नाही, नुसता छताकडे पाहतो, आणि त्या टायवाल्याला अजून कोणी नियम समजावलेला नाही.

टॅक्सी सहाला येईल. मी बरोबर येणार नाही. खालीही नाही, बाकावरही नाही. टॅक्सीवाला तुला वरपर्यंत सोडेल, त्याच्याशी बोलले आहे. तू जायचं आहेस. यावर चर्चा नाही.

बाकी मुद्द्यावर मला तुझं उत्तर हवं आहे. मी बोललेल्या कुठल्याही गोष्टीवर, लहानपणापासून आजपर्यंत, तू कधी मनापासून हसला आहेस का? असलास तर कोणती, ते लिही. नसलास तर तसं लिही. माझी समजूत घालू नकोस, ती मला लगेच ओळखू येते, निदान आजपर्यंत मला तसं वाटत होतं.

उत्तर लेखीच हवं. तोंडी सांगायला लागलास तर मी मध्येच काहीतरी बोलेन.

कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेव. अंतिम मुदत उद्या, शनिवार, २२ मार्च, सकाळी साडेपाच. मुदत वाढवून मिळणार नाही.

तुझी ताई"